शेतकी गटातलं चौथं नाव

मच्छिंद्रानं स्वतःचं नाव टाइप करून एंटर दाबलं. पडद्यावर हिरवी ओळ उमटली: तुम्ही शेतकी गटात नाही. तो खूश झाला. त्यानं संगणकासाठी लिहिलेली हुकमांची यादी, म्हणजे स्क्रिप्ट, चोख चालत होती.

साखर कारखान्यात संगणक येऊन वर्ष झालं नव्हतं आणि पुण्याहून युनिक्स शिकून आलेला तो एकटाच. ऊसतोडणीची क्रमवारी आता लागणीच्या तारखेप्रमाणे मशिनमध्ये होती. ती बदलायला कुणी बसलं, की स्क्रिप्ट आधी तो माणूस शेतकी गटात आहे का ते तपासायची. गटात तीन नावं: शेतकी अधिकारी शांतलिंग आणि त्यांचे दोन कारकून. बदल करणाऱ्याचं नाव यादीखाली आपोआप छापलं जायचं. गट मच्छिंद्राच्याच हातात होता, एका ओळीत त्याला स्वतःचं नाव घालता आलं असतं. त्यानं ते मुद्दाम घातलं नव्हतं. या सचोटीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

पंधरा दिवसांपूर्वी माकणीहून त्याची आई, सरुबाई, एसटीनं आली होती. विहीर आटली होती, एकरभर ऊस उभ्यानं वाळत होता आणि तोडणीच्या यादीत तिचा नंबर एकेचाळिसावा होता.

"थोडा वर घे की रं," ती म्हणाली.

"मला न्हाय जमत, आये. माझं नावच न्हाय त्यात."

"लिवलंस तर तूच ना?"

त्यानं तिला गट म्हणजे काय ते समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा न घेताच उठली.

आज दुपारी संचालक नानासाहेब खोलीत आले. हातात छापील यादी, तिच्यावर लाल पेनानं सव्वीस नावं वर चढवलेली. त्यांतल्या कित्येकांची लागण सरुबाईच्याही महिनाभर नंतरची होती. एवढं मशिनमध्ये भरून टाक, म्हणाले. मच्छिंद्रानं शांतलिंगांचं नाव सांगितलं. शांतलिंग रजेवर होते. एक कारकून लग्नाला गेला होता, दुसऱ्याला ताप होता. यादीखाली नाव छापलं जातं, हे त्या तिघांना मच्छिंद्रानंच नीट समजावून सांगितलं होतं.

"मी गटात नाही, साहेब."

"मग घाल की नाव. तुझ्याच हातात आहे म्हणतात." नानासाहेबांनी खुर्ची ओढली. "तुझी ऑर्डर अजून कायम व्हायची आहे ना?"

घरात पगार आणणारा तो पहिलाच. मान खाली घालून त्यानं ती एक ओळ लिहिली. स्क्रिप्टनं त्याला तपासलं आणि मुकाट्यानं आत घेतलं. संताप आला तो स्वतःचाच. सव्वीस नावं वर गेली. सरुबाईचा नंबर सदुसष्टावर आला.

यादी माकणीच्या चावडीवर लागली. रविवारी तो गावी गेला, तेव्हा आई वाळलेल्या उसाची वाढी, शेंड्याचा पाला, तोडून म्हशीपुढं टाकत होती. यादी कुणीतरी तिला खालपर्यंत, छापलेल्या त्याच्या नावासकट, वाचून दाखवली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"जमतंय की मग तुला," ती म्हणाली.