अंड्यातले केस

देवळाचं अंगण माणसांनी फुललं होतं. तैवानच्या त्या किनाऱ्यावरची सगळी मिठागरं आज ओस पडली होती. ग्वान भगताने मिठागरात राबणाऱ्या बुन-हायच्या सुजलेल्या पोटरीवरून बदकाचं कच्चं अंडं फिरवलं, वाडग्यात फोडलं, आणि बलकात काळ्या केसांचा पुंजका तरंगला.

"केस! पायाचे गेलेले केस!" गर्दी ओरडली.

"बुडालेल्या खलाशाचं भूत पायात शिरलंय," भगत घुमत म्हणाला. "केस त्यानेच गिळले! रोज एक, अशी सात अंडी. मधे डॉक्टरचा हात लागला, तर पाय गेलाच समजा!"

बुन-हायच्या बायकोचा, सिउ-लानचा, जीव थाऱ्यावर नव्हता. तीन महिन्यांत नवऱ्याची पोटरी गुळगुळीत झाली होती, ठणका थांबत नव्हता, आणि काल अंगठा काळा पडला होता. आणखी सहा दिवस? पहाटे समुद्राच्या मात्सूदेवीला उदबत्ती लावून तिने तो पायच मागितला होता.

भगताने उद्याचं अंडं देवीपुढे ठेवलं. सिउ-लानने ते उचलून उन्हाकडे धरलं. अंडी खारवण्याआधी एकेक असं पारखायची तिच्या हाताला सवयच होती. आत काहीतरी काळं, गुंतलेलं दिसलं.

"ए बाई, ठेव! बाईमाणसाच्या हाताने विटाळतं!"

"माझ्याच हातची खारी अंडी रोज खाता की, भगतबाबा!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"सूनबाई, गप्प बस. देवी कोपेल," सासू कळवळली.

"आई, देवी माझीही आहे." तिने अंडं फोडलं. आत केसांचा पुंजका! कवचाच्या रुंद टोकाला सुईएवढं भोक, मेणाने बुजवलेलं. "हे अजून ह्यांच्या पायाला लागलंसुद्धा नाही. मग केस आत आले कुठून?"

"भूत... भूत फार चपळ असतं—"

"आणि मेणही लावतं?"

सासूने एक केस ओढून उन्हात धरला. "अगं बाई, वीतभर! माझ्या लेकाच्या पायाला असा केस होता कधी?"

हसण्याच्या गदारोळात भगताने अंड्यांची परडी उचलून पळ काढला.

दुपारीच बैलगाडी जुंपली. दवाखान्यात डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली; ती लागेना. "रक्त खाली पोचत नाही, म्हणून केस गळले, म्हणून ठणका. कशामुळे? नक्की ठाऊक नाही. खोल विहिरीच्या पाण्याचा संशय आहे, ते आजच बंद करा. अंगठा जाईल. पाय वाचवायचं बघू."

संध्याकाळी त्याच विहिरीवर सिउ-लानने पाणी भरायला आलेल्या बायांना अडवलं.

"हे पाणी भरू नका. भगताला म्हणे सगळं ठाऊक होतं. डॉक्टर 'नक्की ठाऊक नाही' म्हणाले, तरी पाय तपासला त्यांनीच. घरात कुणाची पोटरी अशी गुळगुळीत होत असेल, तर उद्याच त्याला गाडीत बसवा. देवीला नमस्कार करून बसवा, पण बसवा."