मागच्या डाव्या कोपऱ्यातली अर्डिस

चौथा स्पीकर मागच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ओढली. लोवेल दारात उभा राहून बघत होता.

"झाली का प्रयोगशाळा तयार? कॉफी आता तरी मिळेल?"

"आधी रेकॉर्ड," मी म्हटलं.

त्याने ती कोटाच्या आतून काढून दिली. आमच्या डलुथ शहरातल्या कॉलेजच्या गायकवृंदाची एकुलती एक रेकॉर्ड, चौऱ्याहत्तर सालची, चार स्पीकरांसाठी काढलेली. सगळे पुढे गात होते. मागच्या सज्जात फक्त दोघं, उजवीकडे एक मुलगा आणि डावीकडे माझी धाकटी बहीण अर्डिस. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही खूण माझ्याकडे नाही. ती गेल्यावर रेकॉर्ड तिच्या नवऱ्याकडे, लोवेलकडे राहिली. मी फोनवर विचारायचे, तो दर वेळी सांगायचा, "व्हर्ना, जपून ठेवलीय. सुई लागलेली नाही तिला."

सुईचं मी त्याला नीट समजावलं होतं. या रेकॉर्डच्या खोबणीत कानाला न कळणारी एक फार बारीक थरथर कोरलेली असते. तिच्या आधाराने डिकोडर नावाचं यंत्र मागचे आवाज पुढच्यांपासून वेगळे काढतो. साध्या जाड सुईखाली ती थरथर घासून जाते. म्हणून मी निमुळती सुई मिळेपर्यंत थांबले होते, आणि लांब तारेत ती थरथर विरते म्हणून ताराही आखूड घेतल्या होत्या.

मी सुई टेकवली. डिकोडरचा लाल दिवा लागला, फडफडला, विझला. मागच्या दोन्ही स्पीकरांतून वाळू घासल्यासारखी खरखर आली.

"तार सैल असेल," लोवेल म्हणाला. "जुनी यंत्रं. तुला कुणी सांगितलं होतं भंगार गोळा करायला?"

मी तारा पाहिल्या. मग माझी दुसरी रेकॉर्ड लावली, तीही चार स्पीकरांची. दिवा स्थिर राहिला. ढोल पुढून मागे, मागून पुढे स्वच्छ फिरला. पुन्हा अर्डिसची लावली. खरखर.

"किती वेळा लावलीस, लोवेल?"

"मी कशाला..."

"किती वेळा?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "नाताळात लावायचो. जेवायला माणसं असली की. मिलीलाही आवडते ती." मिली म्हणजे त्याची दुसरी बायको. "आणि व्हर्ना, आमच्या प्लेयरवर छान वाजायची गं! सगळे एकत्र, मस्त. मला कुठे काय खराब झालेलं कळत होतं?"

"मी सांगितलं होतं तुला."

"हो, सांगितलं होतंस."

"मग सुई लागलेली नाही असं का म्हणालास?"

"तू इतकी खूश व्हायचीस ना ते ऐकून! फोनवर कळायचं मला."

त्या जेवणांना मला कधी बोलावणं नव्हतं. टर्की कापताना, बश्या फिरवताना ते माझ्या बहिणीला ऐकत होते, आणि ऐकता ऐकता तिला खोबणीतून पुसत होते.

मी डिकोडर बंद केला. आता फक्त पुढचे दोन स्पीकर वाजत होते, सगळे गायक एकमेकांत मिसळलेले. ती त्यांच्यात होती. वेगळी काढता येत नव्हती.

लोवेलचा चेहरा खुलला. "बघ! आहे की नाही? हा उंच सूर, हा तिचाच. दर वर्षी गाणं इथे आलं की मी सगळ्यांना गप्प करतो."

मी तो सूर संपेपर्यंत थांबले.

"अर्डिस खालच्या पट्टीत गायची, लोवेल."

मी सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा. नाताळात लागेल तुम्हाला."

"आणि कॉफी?" त्याने हळूच विचारलं.

मी मागच्या डाव्या स्पीकरची तार काढायला खाली वाकले होते. मान वर केली नाही.