बंद पाणी

मार्गोचं म्हणणं साधं होतं. मासेमारीला बंद ठेवलेलं पाणी गावाने उद्या उघडू नये, आणखी सहा महिने थांबावं. एवढंच उनाइसीने गावात शब्द चालणाऱ्या आपल्या आत्याला पटवायचं होतं.

"तुझंच गाव, तुझीच आत्या. तुझं ऐकतील," होडीतून उतरताना मार्गो म्हणाली. माशांच्या मागे उन्हात भाजून निघालेली ही ऑस्ट्रेलियाची संशोधक बाई आज खुशीत होती. गावासमोरच्या खडकांत मासे दुपटीने वाढले होते. आणखी थोडा पुरावा मिळाला, की अशी बंदी सगळ्या किनाऱ्याला लावा, असं ती सरकारला ठणकावून सांगणार होती.

"बघते," उनाइसी म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बघते म्हणायची. सुवा शहरातल्या ज्या संस्थेत ती आणि मार्गो काम करत, तिथे लोकांना वाटे, पोरगी मोठी धीराची. धीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

पाण्यात एक काठी रोवलेली होती, तिला काळं फडकं. पहिल्या दिवशी मार्गोने विचारलं, तेव्हा गावकरी "तबू" एवढंच म्हणाले. शेजारच्या गावांत तबू म्हणजे मासे वाढावेत म्हणून घातलेली बंदी. मार्गोने इथेही तेच धरलं. उनाइसीचा भाऊ एपेली, या गावचा प्रमुख, नुकताच गेला हे तिला ठाऊक होतं, तिने फुलंही पाठवली होती. पण भावाचा आणि पाण्याचा संबंध तिला कोण सांगणार? उनाइसी शेजारीच उभी होती. एका वाक्याचं काम होतं. ते तिच्या तोंडून फुटलं नाही, आणि पुढचं सगळं संशोधन त्या न बोललेल्या वाक्यावर चढत गेलं.

संध्याकाळी वासिति आत्या चटईवर कसाव्याचे कंद सोलत बसली होती, अंगावर दुखवट्याचे काळे कपडे.

"आत्या, उद्याचं पुढे ढकलता येईल?"

"का गं? मासे कुठे परगावी निघालेत?"

"मोजायचे राहिलेत."

आत्याने सुरी खाली ठेवली. "शंभर रात्री तुझ्या भावाच्या नावाने कोणी इथे गळ टाकला नाही. उद्या त्याच्या पाण्यातले मासे शिजतील, गाव जेवेल, मग आम्ही हे काळं उतरवू. त्याला काय सांगू? थांब बाबा, तुझ्या बहिणीची मोजणी उरकली नाही?"

उनाइसी सोललेले कंद टोपलीत रचू लागली.

"एकदा तरी रडलीस का?"

"नाही."

"मग माशांचं कसलं घेऊन बसलीस," म्हणत आत्या पुन्हा कसावा सोलू लागली.

उनाइसी तशीच उठून मार्गोकडे गेली आणि दारातूनच म्हणाली, "ते पाणी मासे वाढवायला बंद केलेलं नाही. एपेली गेला म्हणून बंद आहे."

मार्गोने हातातली वही मिटली. मग सवयीने विचारून गेली, "असं किती वेळा होतं?"

"प्रमुख मरतो तेव्हा. शंभर रात्रींनी उघडतात आणि त्या माशांचं गाव जेवतं."

मार्गो ओशाळली. "म्हणजे माझा प्रश्नच चुकला. बंद ठेवून किती वाढतात, एवढंच मी बघत बसले. तुम्ही तर उघडायलाच बंद करता."

"हो."

"मग उघडल्यावर काय होतं, ते मोजू? आत्या रागावतील?"

"आत्या रागावतेच. तू मोज."

सकाळी ओहोटीला आत्याने स्वतः काठी उपटली. जाळी पडली, कमरेभर पाण्यात बायकांची थट्टामस्करी सुरू झाली. उनाइसी वाळूवर फळी मांडून एकेक मासा मोजत होती, मार्गो लिहीत होती. जात, लांबी. जात, लांबी. हात आपोआप चालत होते.

मग एक भला मोठा कावाकावा मासा आला, दोघींनी धरून आणलेला. उनाइसीने त्याची लांबी सांगितली आणि तो इतरांत न टाकता केळीच्या पानावर वेगळा ठेवला. सगळ्यात मोठा मासा प्रमुखाच्या घरी जायचा, हे लहानपणापासूनचं वळण.

"हा एपेलीला नेऊन द्या," ती म्हणाली.

बायकांचं हसणं थांबलं. उनाइसीचा हात माशावरच राहिला, आणि इतके दिवस कुठे अडकून पडलेलं रडू तिच्या छातीतून वर आलं. ती वाळूत बसून हमसून हमसून रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

मार्गोची पेन्सिल कागदावर थबकली होती. "हा मोजायचा की नाही?"

"मोज की बाई," आत्या म्हणाली. "एपेलीचा, म्हणून लिही."