भट्टीचा बिल्ला

हनीफच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. सातपूरच्या कारखान्यात तो सहा महिन्यांच्या बोलीवर लागला होता आणि मुदत संपत आली होती. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी पुण्याची पार्टी येतेय. भट्टीचं तापमान दर दहा सेकंदांनी कागदावर उमटलं पाहिजे. उमटलं तर तू कायम."

आता गंमत बघा. ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करायची सोय त्या कॉम्प्युटरात होती, पण मिनिटाच्या खाली उतरायला तो बाबा तयारच नव्हता. मग हनीफने शक्कल लढवली. दर मिनिटाला एकदम सहा प्रोग्राम सोडायचे. पहिल्याने लगेच कामाला लागायचं, दुसऱ्याने दहा सेकंद थांबून, तिसऱ्याने वीस. पण एखाद्याला उशीर झाला की पुढचा त्याच्या उरावर! तासाभरात चाळीसेक प्रोग्राम भट्टीच्या एकाच तारेवर तुटून पडायचे आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. तीन दिवस हेच चाललं होतं. हनीफला स्वतःचीच चीड यायला लागली होती.

भट्टीवरचे सहादूकाका मूळचे पेठ गावचे, वीस वर्षं त्या भट्टीपाशी काढलेले. चहा पिता पिता ते म्हणाले, "आमच्यात असं व्हत नाय. हा पितळी बिल्ला बघ. ज्याच्याकडं बिल्ला, त्यानंच भट्टीला हात लावायचा. पाळी संपली का दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एकदा माझ्या खिशात ऱ्हाऊन पेठला गेला, तर अख्खी पाळी भट्टीम्होरं बसून राह्यली."

हनीफ हसला, पण अर्धा चहा टाकून उठला. त्याने 'बिल्ला' नावाची एक फाइल ठरवली. कामाला लागताना प्रोग्रामने ती तयार करायची, काम संपलं की पुसायची. फाइल आधीच दिसली, तर मुकाट्याने परत फिरायचं. गुरुवारी दिवसभर एकही आकडा चुकला नाही.

शुक्रवारी पुण्याचे पाहुणे आकडे छापणाऱ्या कागदापाशी उभे राहिले आणि लाइट गेली. जनरेटर लागला, कॉम्प्युटर सुरू झाला, कागद मात्र ढिम्म. हनीफने तारा तपासल्या, प्रोग्रामची ओळ न् ओळ वाचली. काही कळेना. पाऊण तास वाट बघून एका पाहुण्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि सगळे निघाले. साहेब त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले.

सहादूकाका दारातूनच म्हणाले, "लाइट गेली तवा काम कोण करत व्हतं?"

"एक प्रोग्राम होता, काका. तो तिथेच मेला."

"मग त्याच्याकडचा बिल्ला?"

हनीफला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. फाइल तशीच पडून होती, आणि ती बघून प्रत्येक नवा प्रोग्राम मुकाट्याने परत फिरत होता. ती पुसायला दोन सेकंदही लागले नाहीत, आणि कागद सरकू लागला. दहा सेकंदांनी एक आकडा, दहा सेकंदांनी दुसरा.

सहादूकाकांनी कागद हातात धरून बघितला. "बराबर हाय," ते म्हणाले.

साहेब परत आले. कागद चाललेला त्यांना दिसला, तरी ते थांबले नाहीत.

"जाताना गेटपास जमा कर," एवढंच म्हणाले.