कल्याणपर्यंतची बोली

नवरा गेला तेव्हा ठमाबाईच्या वाट्याला एक गाडी, दोन बैल आणि दौलत नावाचा दीर आला. दौलतचं म्हणणं होतं, बाईमाणसानं कासरा धरला तर घराण्याची अब्रू काय राहिली? गाडी त्याच्या दारात यावी. ठमाबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि गाडी ठाण्यातल्या खोपटाहून, आपल्या घरून, थेट टेंभी नाक्यावर नेऊन उभी केली. सुरुवातीला तिच्या गाडीत कुणी बसेना. मग भाताची पोती बसली, मिठाची बसली आणि हळूहळू माणसंही बसायला लागली.

कल्याणला आगगाडी जायला लागून तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली असतील. त्या साली सरत्या पावसात मुंब्र्याच्या डोंगराची दरड रुळांवर आली. ठाणे ते कल्याण गाडी बंद, पुढच्या गाड्या कल्याणहूनच सुटायच्या! नाक्यावर उतारूंची ही झुंबड उडाली. बैलगाडीवाल्यांचे भाव चढले, आवाज चढले.

त्या गर्दीत एक माणूस मात्र एकटाच उभा होता. उंचापुरा, काळाभोर, अंगात खलाशाचा डगला. कपाळावर तीन आडव्या रेघा कोरलेल्या. तो ज्या गाडीकडं जाई तिचा गाडीवान मान फिरवी. कुणी म्हणे बैल बुजतील, कुणी म्हणे बाकीचे उतारू उतरतील. मुलं लांबून "हबशी, हबशी" करून ओरडत होती. तो ना चिडत होता, ना गयावया करत होता. ताठ मानेनं पुढच्या गाडीकडं जात होता.

ठमाबाईलाही त्याची भीती वाटली, नाही असं नाही. पण ती ताठ मान तिच्या ओळखीची होती. याच नाक्यावर तिनं स्वतः तशी ती धरली होती.

"कुठं जायचंय?" तिनं विचारलं.

"कल्याण. शाम से पहले."

"बस मागं."

कळवा मागं पडला. ठमाबाईनं कोयता मांडीखाली ठेवला होता. चढ लागला तसा तो न सांगता खाली उतरला आणि गाडीला मागून खांदा लावून चालू लागला. बैलांचा भार हलका करणारा उतारू तिनं तोवर पाहिला नव्हता. मुंब्र्याच्या विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायका त्याला बघून पोहरा उचलून बाजूला झाल्या. ठमाबाई उतरली, आपला पोहरा सोडला आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग भाकरी सोडली. भाकरीत भाजलेला सुका बोंबील बघून तो पहिल्यांदा खळखळून हसला. त्याच्या गावीही मच्छी अशीच वाळवायचे म्हणे.

जेवता जेवता त्यानं नाव सांगितलं, मुबारक. बंदरातल्या हिंदुस्तानीत, थांबत थांबत त्यानं आपली हकीकत सांगितली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, सितीला, पळवून गलबतात कोंबलं होतं. भर समुद्रात इंग्रजांच्या जहाजानं ते गलबत पकडलं. सुटका झाल्यावर मुबारक बोटीवर कामाला लागला आणि सितीला कुठं नेलं ते कुणी सांगेना. आता एका सोबत्याकडून कळलं होतं. नाशिकच्या मिशनमध्ये वाढलेली, कपाळावर अशाच तीन रेघा असलेली एक बाई कल्याणला रेल्वेच्या साहेबाकडं आया आहे. साहेबाची बदली झाली होती आणि आज संध्याकाळच्या गाडीनं सगळं बिऱ्हाड जबलपूरकडं निघणार होतं.

ठमाबाईनं उरलेली भाकरी तशीच फडक्यात बांधली. "चल, ऊठ," ती म्हणाली आणि बैलांना हाक घातली.

शीळ गाव ओलांडलं आणि पवळ्या बैल लंगडू लागला. खुरात धारदार दगड घुसला होता. मुबारकनं तो अलगद काढला, पण बैल पाय टेकेना. ठमाबाई कपाळाला हात लावून बसली. मुबारकनं एकदा सूर्याकडं पाहिलं, डगला काढला आणि पवळ्याच्या जागी जाऊन जुवाखाली मान घातली.

"चलाओ, बाई."

ठमाबाई उठून जवळ गेली. त्या मानेवर जुन्या दोराचे वळ होते, काळ्या कातडीवर अजून चकाकणारे.

"निघ बाहेर," ती ओरडली.

"मैं खुद गर्दन रखता हूँ. कोई जबरदस्ती नहीं."

"तू खुशीनं रख, नायतर कसाबी रख. माझ्या हातानं माणसाला जुवाला जुंपनार नाय मी. गाडी इथंच मोडून पडली तरी चालंल."

तो बाहेर आला. त्यानं डगला पुन्हा अंगात घातला. मग म्हणाला, "रास्ता बता दो. मैं पैदल जाएगा. तुम गाडी देखो."

गाडी रस्त्यात टाकली तर दौलतला आयतंच निमित्त मिळणार होतं. ठमाबाईला ते कळत होतं. जवळच्या पाड्यावरची चार माणसं बोलावून तिनं बैल आणि गाडी तिथल्या ओळखीच्या आवडाबाईच्या अंगणात नेऊन ठेवली आणि हातात काठी घेतली.

"बोली कल्याणपर्यंतची हाय. बैल बसला म्हनून ठमाबाईची बोली बसत नाय. चल."

डोंबिवलीच्या शेतांमधून, चिखलाच्या बांधांवरून ती पुढं आणि तो मागं. कल्याणच्या बाजारात शिरताना मात्र ती थांबली आणि त्याला शेजारी घेतलं. दुकानांतले लोक उठून पाहू लागले. विधवा बाई आणि हबशी! कुणीतरी काहीतरी घाण बोललं. ठमाबाईनं पाऊल जरासुद्धा वाढवलं नाही. बाजार संपेपर्यंत ती आपल्या घरच्या अंगणातून चालावी तशी चालली.

स्टेशनवर साहेबाचं सामान चढत होतं. ट्रंकांपाशी नऊवारी नेसलेली एक काळी बाई हमालांना दटावत होती.

"अहो, ती पेटी आडवी ठेवू नका म्हणून किती वेळा सांगायचं तुम्हांला?"

अगदी अस्सल नाशिकची मराठी! ठमाबाई चाट पडली. मुबारकनं हाक मारली, "सिती!"

बाई गर्रकन वळली. तिच्या कपाळावरच्या तीन रेघा आधी आक्रसल्या आणि मग तिचा सगळा चेहराच वितळला. मुबारक त्यांच्या भाषेत भडाभडा बोलू लागला. ती नुसती मान हलवत राहिली. ती भाषा तिच्यापाशी उरलीच नव्हती. तिला मराठी येत होती, साहेबांपुरती इंग्रजी येत होती, आणि त्याला यातलं काहीच येत नव्हतं.

"हे काय म्हणताहेत, बाई?" तिनं रडत ठमाबाईला विचारलं.

मग ठमाबाई दोघांच्या मध्ये उभी राहिली. त्याचं हिंदुस्तानी बोलणं तिला मराठीत, तिचं मराठी त्याला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत. "तो म्हनतो, आजीनं ह्या रेघा कोरल्या तवा तू तिच्या हाताला चावलीस." ती बाई रडता रडता हसली.

घंटा झाली. मडमेनं डब्यातून हाक मारली. सितीनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि डब्यापाशी जाऊन मडमेला शांतपणे काहीतरी सांगितलं. मडम रागावली, मग विनवू लागली. सिती परत आली.

"मी त्यांची नोकर होते, विकत घेतलेली नव्हते," ती म्हणाली. "नोकरी सोडली मी. एवढं सांगा त्यांना."

ठमाबाईनं सांगितलं. 

पवळ्या आठवड्याभरात बरा झाला. दौलत आला, तावातावानं बोलला आणि ठमाबाईची गाडी जशी होती तशीच राहिली. सितीनं कल्याणमध्ये शिवणकाम धरलं. मुबारक जहाजावर परत गेला, पण बोट मुंबईला लागली की तो आधी खोपटाला यायचा, ठमाबाईच्या गाडीत पुढं, तिच्या शेजारी बसायचा आणि वाटभर मराठी शिकायचा. गाडीवान बाईकडून शिकलेली मराठी ती! तिसऱ्या खेपेला भावाबहिणीचं भाड्याच्या खोलीवरून कडाक्याचं वाजलं. दुभाष्याची गरज पडली नाही. मुबारकनं बैलांना घालायच्या चार सणसणीत शिव्या बहिणीला ऐकवल्या, सितीनं शुद्ध भाषेत त्याचा उद्धार केला.

ठमाबाई बाहेर सितीच्या ओट्यावर बसून ऐकत होती. शेजारीण धावत आली, म्हणाली, "अगं, सोडव की त्यांना!"

"भांडू दे गं," ठमाबाई म्हणाली. "काय झ्याक बोलतो बघ माझा मुबारक."