पंपाची घरघर

देवानंदने हवेच्या गादीवर साबणाचं पाणी फिरवलं आणि एकेक फुगा दाबून पाहिला. बुडबुडा कुठेच उठला नाही. पंपही बरोबर चालत होता. आळीपाळीने काही फुगे भरत होते, काही उतरत होते.

शेजारच्या खाटेवर बद्रीनाथकाका कुशीवर निजले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माकडहाडावर पांढरी पट्टी होती. त्यांची मुलगी शीतल जालन्याहून शहागडला आली, तिने वडिलांची पाठ पाहिली आणि तिथूनच वडीगोद्रीला देवानंदच्या रुग्णसाहित्याच्या दुकानात फोन लावला होता.

"हाडापर्यंत जखम गेलीय, भाऊ. निजून जखमा होऊ नयेत म्हणूनच ही गादी बसवली ना?" आता समोर उभी राहून ती म्हणाली. तेवढ्यात अंबडच्या डॉक्टरांचा फोन आला, म्हणून ती अंगणात गेली.

शीतलची आई सगुणाबाई काकांच्या उशाशी बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या हळूच म्हणाल्या, "मशीन खराब न्हाई, देवानंदा. रातच्याला मीच बंद करून ठेवत व्हते."

देवानंदचा हात थांबला.

"लई घरघर करतं ते. यांना पाणी लागलं, लघवी लागली, तर नुसतं हुं करतेत. तेवढाच आवाज. खाली निजलं तरी मला ऐकू येईना. एकदा सकाळपतूर वल्ल्यातच पडून व्हते. मंग म्या बटनच दाबलं."

गादी बसवायला आला होता तो दिवस देवानंदला आठवला. वाटूरच्या एका घरून सारखे फोन येत होते. त्याने पंप लोखंडी खाटेला अडकवला, "हे बटन दाबा काकू, झालं," म्हणाला आणि चहा न घेताच गाडीला किक मारली. रात्रंदिवस चालू ठेवा, हे सांगायचंच राहिलं. खाट लोखंडाची, तिला लागून पंप घरघरणार, हे त्याला कळायला हवं होतं.

शीतल आत आली. "काय निघालं?"

सगुणाबाईंनी मान खाली घातली.

"पंपातला व्हॉल्व्ह गेल्ता, ताई," देवानंद म्हणाला. "हवा आपोआप उतरत व्हती. माझ्याच ध्यानात यायला पाहिजे व्हतं."

"ध्यानात?" शीतलचा आवाज चिरकला. "माझ्या बापाची पाठ सडली, अन् तुम्ही ध्यानातलं सांगताय? आई बिचारी रात्रंदिवस राबून राह्यली. तिला काय कळतं यातलं! आता कुणाच्या घरी गादी बसवायच्या आधी दहादा विचार करा."

त्याने मान हलवली. बोलून झाल्यावर ती डोळे पुसत काकांचे कपडे पिशवीत भरू लागली. काकांना न्यायला दवाखान्याची गाडी अंबडहून निघाली होती.

देवानंदने पंप खाटेवरून काढला. आपल्या हत्यारांच्या पिशवीतून लांब नळी काढून जुन्या नळीला जोडली, पंप उंबऱ्यापलीकडे नेला आणि जाड फोमच्या तुकड्यावर ठेवून चालू केला. दार लोटलं. घर एकदम शांत झालं. काकांचा श्वास ऐकू येऊ लागला. घशात अडकणारा, मधेच थांबणारा.

"दवाखान्यातून आणलं की असंच ठेवा, काकू. दिवसा, रात्री, कधीच बंद करू नका. अन् थोड्या थोड्या वेळानं कूस बदलत राहा."

सगुणाबाईंनी दाराकडे पाहिलं. मग काकांकडे. त्यांनी हात पुढे केला, पण तो पट्टीपर्यंत न नेता पांघरुणावरच ठेवला.

"देवानंदा," त्या म्हणाल्या, "हे पहिल्याच दिशी करता आलं असतं का?"

त्याने हत्यारांच्या पिशवीची चेन लावली. ती मधेच अडकली, पुन्हा ओढावी लागली.

"आलं असतं, काकू."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शीतल गडबडीने धावली. सगुणाबाई उठल्या, त्यांनी काकांच्या डोक्याखाली हात घातला आणि देवानंदला म्हणाल्या, "तू पायाकडून धर, बाबा. जपून. पाठीला काही लागू देऊ नको."