रिजेक्ट मोगरा

"रिजेक्ट!"

उद्धवरावांनी फोटोवर लाल गोल काढला, त्यातून एक बाण ओढला आणि खाली लिहिलं, "खोक्याला खाली भोक नाही. बाई, मोगरा लावलाय की लोणचं घातलंय?" पाठोपाठ हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे धडाधड पडायला लागले. सुमनताई तेव्हा पिंपरीतल्या आपल्या बाल्कनीत मधलं फूल मोठं व्हावं म्हणून शेवंतीच्या बाजूच्या कळ्या खुडत बसल्या होत्या. मांडीवरचा फोन थांबायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी हात पदराला पुसून चष्मा लावला.

फोटो हसू येण्यासारखाच होता, खोटं कशाला बोला. थर्माकोलचा खोका, त्यात काठोकाठ चिखल आणि मधोमध पिवळ्या पानांचा मोगरा मान टाकून उभा. फोटो टाकणारीचं नाव वर्षाली, राहायला चाकणला. 'कुंडीकर मंडळ' या ग्रुपवर येऊन तिला आठवडासुद्धा झाला नव्हता.

हा लाल गोल म्हणजे मंडळाची जुनी रीत. उद्धवराव एका कारखान्यात जन्मभर क्वालिटी खात्यात होते. सुटे भाग तपासायचे आणि खोट निघाली की लाल टॅग लावायचा, यात त्यांची हयात गेली. रिटायर झाले, पण टॅग काही हातातून सुटला नाही. नव्या माणसाने कौतुकाने पहिला फोटो टाकला की त्यावर लाल गोल पडलाच म्हणून समजा. जुनी मंडळी टपूनच बसलेली असत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल याची खात्री नाही, पण "आधी नियम वाचा" आणि "तीन महिने नुसतं बघा, मग बोला" एवढं मात्र हमखास मिळे. नवे लोक चार दिवस सॉरी सर, थँक्यू सर करत आणि मग गुपचूप निघून जात. ते गेले की जुने म्हणत, बरं झालं, गाळ निघाला.

सुमनताई कधी हसल्या नव्हत्या, पण कधी बोलल्याही नव्हत्या. बोलणार कशा? नवरा गेला, हॉस्पिटलातली नर्सची नोकरी संपली, मुलगा समर्थ मारुंजीला. म्हटलं तर गावातच, पण भेट सणासुदीला. घर खायला उठायचं त्या दिवसांत हेच उद्धवराव तीन मजले चढून शेवंतीच्या काड्या घेऊन आले होते. शेंडा कधी खुडायचा, कळ्या कुठल्या ठेवायच्या, सगळं त्यांनी शेजारी बसून शिकवलं होतं. आता ग्रुपच्या नावापुढे सुमनताईंच्या शेवंतीचा फोटो होता. रोज सकाळी त्या एक फूल टाकत आणि तासाभरात तीस-चाळीस जण त्यांना सुप्रभात म्हणत. त्या घरात सकाळचं दुसरं कुणी बोलायला नव्हतं. ग्रुप गेला की सकाळ गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चेहऱ्यांचा पाऊस ओसरल्यावर वर्षालीने लिहिलं, "सर चुकलं. भोक पाडते. पण आता वाचंल का?"

त्याखाली कुणीतरी टाळ्या वाजवणारं बाळ टाकलं. मग एकाने आपला गुलाब टाकला, त्याची वाहवा सुरू झाली आणि प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

सुमनताईंनी तो बोटाने खाली ओढून पुन्हा वाचला. वाचंल का? ड्रेसिंगच्या खोलीबाहेर हे दोन शब्द त्यांनी उभ्या नोकरीत ऐकले होते. आत मशीनमध्ये बोटं सापडलेला माणूस, बाहेर त्याची बायको. लोक मूर्खपणाही कमी करून येत नसत. भाजल्यावर टूथपेस्ट फासत, जखमेत चुना भरत. सुमनताई फैलावर घ्यायच्या, अगदी वाभाडे काढायच्या, पण जखम धुऊन झाल्यावर. वाचंल का विचारणाऱ्याला कुणी हसलेलं मात्र त्यांनी तिथे पाहिलं नव्हतं.

त्यांना राग आला. बऱ्याच वर्षांनी आला, त्यामुळे चांगला सणसणीत आला. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "वर्षाली, खोडाची साल नखाने जराशी खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. बघ आणि मला फोन कर." खाली आपला नंबर दिला.

वर्षालीच्या आधी उद्धवरावांचा फोन आला.

"ताई, तुम्ही कशाला मध्ये पडलात? असं आयतं हातात दिलं की ही माणसं शिकत नाहीत."

"तिनं विचारलं, मी सांगितलं."

"आमच्याकडे एकदा लाल टॅग लागला ना, की ऑपरेटर पुन्हा ती चूक करायचा नाही."

"आणि तो पार्ट कुठे जायचा?"

"भंगारात. दुसरं काय?"

"मग हिला कुठल्या भंगारात टाकणार आहात, उद्धवराव?"

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पहिली काडी लावली ती रंगाच्या डब्यात," सुमनताई म्हणाल्या. "त्यालाही भोक नव्हतं. तुम्ही माझ्याच गॅसवर खिळा तापवून पाडलंत. तेव्हा नाही म्हणालात रिजेक्ट."

"तेव्हा आपण दहा-बारा टाळकी होतो. आता आठशे आहेत. शिस्त लागते, ताई. या वेळी सोडून देतो."

सोडून देतो! सुमनताईंनी फोन ठेवला आणि त्या भरात एक कळी चुकीची खुडली.

रविवारी वर्षाली खोका मांडीवर घेऊन दोन बस बदलून आली. तिशीची, अंगाने बारीक, चाकणला एका कारखान्यात वायरिंगच्या लाईनवर कामाला. परभणीकडची. दारातच म्हणाली, "खाली बुडाला हिरवं दिसलं बघा ताई. वर सगळं वाळलंय."

"रोज पाणी घालत होतीस ना?"

"दोन टाइम. शिफ्टला जाताना अन् आल्यावर. वाळून जाईल म्हणून भ्या वाटायलं." ती खोक्याकडे बघत राहिली. "मायच्या दारातला हाय हो. माय गेली औंदा. भावानं घर पाडायला काढलं, तं मी फांदी घेऊन आले. दुसरं काय आणणार?"

"अगं, मुळं कुजवलीस बुडवून बुडवून! मुळांना श्वास नको घ्यायला? थर्माकोलला भोक पाडायला काय लागतं, साधा स्क्रू ड्रायव्हर?" सुमनताईंनी तिला मनसोक्त झापलं, पण तोवर त्यांचे हात चिखलात गेले होते. काळी पडलेली मुळं त्यांनी कात्रीने उडवली. गॅसवर खिळा तापवून खोक्याला भोकं पाडली, कोरडी माती भरली आणि मोगरा खालपासून छाटून टाकला. उरल्या तीन काड्या. वर्षालीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता मी सांगेन तेव्हाच पाणी. तोवर नुसतं बघायचं. इथेच राहू दे माझ्यापाशी."

चहा पिताना वर्षालीने विचारलं, "ताई, ते तुमचं प्रदर्शन असतं म्हणे. नव्या लोकांनी आलं तर चालतं का?"

"चालतं. झाड आणायचं नाही. मागे उभं राहून बघायचं."

"मग काय, उभं ऱ्हायची सवयच हाय. लाईनवर आठ तास उभीच असते की मी."

ती सहज म्हणाली आणि कपबशी धुवायला आत गेली. सुमनताई मात्र बाल्कनीकडे बघत बसून राहिल्या. शेवंतीला यंदा कधी नव्हे इतक्या कळ्या धरल्या होत्या.

प्रदर्शन चिंचवडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. टेबलं मांडलेली, पांढऱ्या चादरी कडक इस्त्रीच्या. मधल्या टेबलावरची मानाची जागा सुमनताईंच्या शेवंतीसाठी राखून ठेवलेली असे. उद्धवराव गळ्यात बिल्ला अडकवून, हातात पासच्या हिरव्या आणि रिजेक्टच्या लाल टिकल्यांचा कागद घेऊन फिरत होते. सुमनताई रिक्षातून उतरल्या आणि त्यांनी थर्माकोलचा खोका नेऊन मधोमध ठेवला.

"हे काय?" उद्धवराव म्हणाले. "शेवंती कुठाय?"

"घरी. मस्त फुललीय. यंदा मी हे आणलंय."

"ताई, चेष्टा पुरे. सोसायटीचे चेअरमन येतायत उद्घाटनाला. तीन काटक्या दाखवू त्यांना?"

"दाखवा ना. एका सदस्याची एक कुंडी, असा नियम आहे. कुंडीत काय असावं, ते कुठे लिहिलंय?"

आसपासची मंडळी गोळा झाली. भिंतीपाशी नवे सदस्य उभे होते, त्यांत कंपनीच्या गणवेशात वर्षाली. रात्रपाळी संपवून तशीच आलेली. खोका दिसताच ती धावत पुढे आली. "ताई, नका ना! माझ्यापायी कशाला? मी घेऊन जाते हे."

"हात लावायचा नाही," सुमनताई म्हणाल्या. ड्रेसिंगच्या खोलीत पेशंटला दटावताना लागायचा तोच आवाज लागला. वर्षाली जागच्या जागी थांबली.

उद्धवराव आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, उचला. नाहीतर मला तुम्हाला मंडळातून काढावं लागेल. इतक्या वर्षांनी मला हे करायला लावू नका."

उद्याची सकाळ सुमनताईंना लख्ख दिसली. गप्प फोन, गप्प घर. क्षणभर त्यांचा हात खोक्याकडे गेलाही. पण तो त्यांनी खोका सरळ करण्यापुरताच वापरला.

"काढा," त्या म्हणाल्या. "मी हलणार नाही. खोकाही हलणार नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी आज माझ्या तोंडावर हसावं."

कुणी हसलं नाही. उद्धवरावांनी खिशातून फोन काढला, दोनदा अंगठा टेकवला आणि परत ठेवला. मग त्यांनी कागदावरून एक लाल टिकली सोडवली, खोक्यावर दाबून बसवली आणि पाठ फिरवली.

सुमनताई खोक्याशेजारी उभ्या राहिल्या. उद्घाटन झालं, भाषणं झाली, समोसे झाले. त्या बसल्या नाहीत. थोड्या वेळाने भिंतीपाशी उभी असलेली एक मुलगी चोरट्यासारखी आली आणि फोन पुढे करून म्हणाली, "काकू, माझ्या तुळशीची पानं अशी झालीत. ग्रुपवर टाकायची हिंमत नाही झाली. वाचेल का?" सुमनताईंनी चष्मा लावला. तिच्यामागे आणखी दोघं येऊन उभी राहिली.

आवराआवर सुरू झाली तेव्हा उद्धवराव टेबलापाशी आले. कुणी बघत नाही असं बघून त्यांनी वाकून मधल्या काडीची साल नखाने खरवडली. सालीखाली हिरवं होतं. मग त्यांचं बोट लाल टिकलीच्या कडेशी गेलं.

"राहू द्या," मागून सुमनताई म्हणाल्या. "आता काढायची नाही. ती तशीच घेऊन जाणार आहे मी."

घरी जाताना रिक्षात खोका त्यांनी मांडीवर घेतला, टिकली बाहेरच्या बाजूला. शेजारी वर्षाली झोपेने पेंगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने त्यांनी शेवंतीचा फोटो काढला. खरोखर दृष्ट लागावी अशी फुलली होती. ग्रुप उघडला, तर खाली लिहायची जागाच नव्हती. तुम्ही आता या ग्रुपमध्ये नाही, एवढी एक ओळ होती. सुमनताईंना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. लाज मात्र वाटली नाही. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि झारी उचलली. शेवंतीला पाणी घातलं. मोगऱ्याला आज पाणी द्यायचं नव्हतं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि लाल टिकलीच्या खोक्यासमोर नुसत्या बघत बसल्या.